मोठे टायर बसवले, गाडी ओढत नाही

प्रश्न : माझ्या जुन्या फोर बाय फोरला २९ इंचांऐवजी ३३ इंची टायर बसवले. चढावर दम तुटतो. अ‍ॅक्सलचा रेशो ३.७३ आहे (चाक एकदा फिरायला ड्राइव्ह शाफ्ट ३.७३ वेळा फिरतो). फक्त मागचे गिअर बदलले तर चालेल का?

उत्तर : मुळीच नको. पुढचा-मागचा रेशो वेगळा असला तर फोर-व्हील टाकताच दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात. कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरपेटी) फुटू शकते. बदल दोन्हीकडे एकदमच करा.

हिशोब सोपा आहे : ३.७३ × ३३ ÷ २९ = ४.२४. म्हणजे ४.२७ने मूळची ओढ परत येईल. खडकाळ, हळू वाटा जास्त असतील तर आम्ही ४.५६ सुचवू. मात्र ४.५६ घेतलात आणि स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालत असेल तर त्याचा गिअरही बदला. काही अ‍ॅक्सलना एवढ्या रेशोला डिफरन्शियलचा केरिअरही (ज्यावर मोठा रिंग गिअर बसतो तो भाग) वेगळा लागतो; खरेदीआधी तपासा.

खरी कसोटी फिटिंगची. बेअरिंग, सील, पिनियनचा (रिंग गिअरला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचा) नट आणि क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबून बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी) नवेच घ्या. स्लीव्ह जास्त दाबली गेली तर नट सैल करून भागत नाही, दुसरी स्लीव्ह टाकावी लागते. बॅकलॅश, म्हणजे दोन गिअरच्या दातांमधली मोकळी जागा, साधारण ०.१५ ते ०.२५ मिमी, नेमका आकडा गिअरसोबतच्या कागदावर असतो. दातांना मार्किंग पेस्ट लावून फिरवा. ठसा दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, टोकाशी उमटला तर फार बाहेर. शिम (पिनियनची खोली ठरवणारी पातळ चकती) बदलून ठसा मध्यावर आणा.

पहिले २५ किमी हलक्या पायाने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. ८०० किमीला तेल बदला, तोवर ट्रेलर ओढू नका.