चालक पाण्यात, होडी चालूच

या वेळच्या पत्रांतले चार प्रश्न एकाच धोक्याचे आहेत: ताबा सुटलेली मोटरबोट. ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमची फायबरची होडी आहे, ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन). पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. इंजिनाबरोबर आलेली लाल गुंडाळीची दोरी पायाला बांधली की उठबस करताना अडते, म्हणून ती इंजिनालाच लटकलेली असते. सराईत तांडेलाला तिची खरंच गरज असते का? – एक वाचक, मालवण

उत्तर : असते. सराईत माणसाला तर जास्तच, कारण तो एका हाताने टिलर (इंजिन वळवायचा दांडा) धरून उभा राहतो आणि मागे वळून पर्यटकांशी बोलतो. ही दोरी म्हणजे किल कॉर्ड. चालक जागेवरून फेकला गेला की इंजिनाच्या स्विचवरून तिची क्लिप निघते आणि इंजिन बंद पडतं. दुसरं टोक कुणालाच बांधलेलं नसेल तर ती असून नसल्यासारखी.

हात सुटल्यावर काय होतं ते पाहा. पाण्याखालचा फिरता पंखा इंजिनाला सतत एका बाजूला रेटत असतो आणि तो जोर तुमचा हात नकळत पेलत असतो. हात गेला की इंजिन त्या बाजूला वळतं आणि होडी लहान वर्तुळात फिरू लागते. वर्तुळ २० मीटर रुंद आणि वेग १० नॉट (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) धरला, तर एक फेरी साधारण १२ सेकंदांत पुरी होते. पडलेला माणूस डोळ्यांतलं खारं पाणी पुसेपर्यंत होडी परत त्याच्या अंगावर! इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल आणि गिअर दोनास एक (इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक) असेल, तर तीन पात्यांच्या पंख्याचं एकेक पातं धरून सेकंदाला ७५ घाव होतात.

दोरी गुडघ्याच्या वर, मांडीला वेढा घेऊन तिच्याच कडीत अडकवा. मनगटाला बांधलेली दोरी स्टिअरिंगमध्ये गुंतते. अपुरी पडते म्हणून सुतळी जोडून ती वाढवू नका. तुम्ही पाण्यात पडाल, पंख्यापर्यंत पोचाल, तरी क्लिप निघालेली नसेल. उठबस करायची असेल तर आधी इंजिन बंद करा.

आता तपासणी. बऱ्याच आउटबोर्डमध्ये हा स्विच इग्निशनचा करंट ग्राउंडला देऊन इंजिन बंद करतो. त्यामुळे स्विचची वायर गंजून तुटली तर इंजिन छान चालत राहतं आणि बिघाड कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून रोज सकाळी, किनाऱ्यालगत, गिअर न्यूट्रलला ठेवून चालू इंजिनावर दोरी ओढून पाहा. इंजिन तत्क्षणी बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर त्या दिवशी प्रवासी घेऊ नयेत, मग हंगाम कितीही जोरात असो. उन्हाने पांढुरकी पडलेली, ताण गेलेली दोरी बदला. आणि एक जादा दोरी क्लिपसकट होडीत ठेवाच: तांडेल दोरीसकट पाण्यात गेला, तर उरलेल्यांना त्याच्याकडे जाण्यासाठी इंजिन पुन्हा सुरू करावं लागेल.

दोरी ओढून सुरू करायच्या जुन्या इंजिनांचा आणखी एक दगा आहे. गिअर लागलेला, थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) उघडा आणि माणूस उभा राहून दोरी ओढतो. इंजिन पेटताच होडी पुढे उसळते आणि तो मागच्या बाजूने पाण्यात. गिअर न्यूट्रल, किल कॉर्ड पायाला, आणि मगच स्टार्टरला हात.

प्रश्न : इंग्लंडमध्ये सुट्टीत घरच्यांसाठी छोटी बोट भाड्याने घेणार आहोत. कशाकडे लक्ष द्यावं? – एक वाचक, साउदम्प्टन

उत्तर : चालक बदलताना. मे २०१३मध्ये कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोजवळ एका कुटुंबातले सहाही जण वेगाने वळलेल्या बोटीतून बाहेर फेकले गेले. किल कॉर्ड चालकाला लावलेली नव्हती. रिकामी बोट त्यांच्याभोवती फिरत राहिली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेले, इतर जखमी झाले. म्हणून आधी इंजिन बंद, मग जागांची अदलाबदल, दोरी नव्या चालकाच्या पायाला, आणि मगच इंजिन सुरू. मुलांना नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) पाय सोडून बसू देऊ नका, ती थेट बोटीखाली जातात. अमेरिकेत तर १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांपेक्षा लहान बहुतेक मोटरबोटींवर, वेगात असताना, अशी दोरी किंवा तिच्या जागी चालणारं बिनतारी साधन लावणं संघराज्याच्या कायद्याने सक्तीचं आहे.

प्रश्न : रिकामी होडी गरगर फिरताना दिसली तर चढून थांबवता येते का? – एक वाचक, पणजी

उत्तर : चढू नका. वर्तुळ एका जागी राहत नाही. वारा, लाटा आणि प्रवाह यांनी ते सरकत जातं, म्हणून तिचा मार्ग नेमका ताडता येत नाही. तुम्ही पाण्यात असाल तर होडीची कड धरायचा मोह टाळा, नजर तिच्यावर ठेवून वर्तुळाबाहेर पोहा. वर्तुळ सहसा वाऱ्याबरोबर सरकतं, तेव्हा वारा येतो त्या बाजूला जा. दुसऱ्या होडीत असाल तर पोहणाऱ्यांना बाजूला करा, पडलेल्यांना वर्तुळाबाहेर आल्यावर उचला, आणि तटरक्षक दलाला १५५४ किंवा सागरी पोलिसांना १०९३ या क्रमांकावर कळवा. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६. पंख्यात तरंगती दोरी गुंतवून होडी थांबवतात, पण ते प्रशिक्षित बचावपथकाचं काम आहे. इंधन संपण्याची वाट पाहणंही परवडतं, माणसं दूर असतील तर.

प्रश्न : 'नीलकमल' या प्रवासी बोटीच्या अपघातानंतर एलिफंटाला जायची भीती वाटते. प्रवाशाच्या हातात काय आहे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून 'नीलकमल'वर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. तिथे चालक बोटीतच होता, त्यामुळे किल कॉर्डने आपोआप काही झालं नसतं. थ्रॉटल अडकलं किंवा स्टिअरिंग गेलं, तर चालकाने स्वतः इंजिन बंद करायचं असतं. आउटबोर्डची नुसती इंधननळी काढून भागत नाही, कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर ते आणखी काही वेळ चालतं. अशा चाचण्या प्रवासी वाहतुकीच्या वाटेपासून दूरच व्हायला हव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रवाशाने लाईफ जॅकेट गेटवेला चढतानाच घालावं आणि सगळे पट्टे आवळावेत. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं, म्हणून त्याच्या मापाचं मागा. नसेल तर पुढची बोट घ्या.