मनगटावरच्या कॅलरींचा हिशेब

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच आहे: हृदयगती मोजणारे घड्याळ किंवा छातीचा पट्टा, आणि त्यावर दिसणाऱ्या कॅलरी. या उपकरणांना थेट मोजता येतात ते फक्त ठोके. श्रम वाढले की स्नायूंना प्राणवायू अधिक लागतो, एक लिटर प्राणवायू वापरला गेला की सुमारे 5 कॅलरी खर्च होतात, आणि मध्यम श्रमात प्राणवायूची गरज व हृदयगती बऱ्याच अंशी बरोबरीने वाढतात. या नात्यावर, आपण भरलेले वय, वजन व लिंग धरून, उपकरण कॅलरींचा अंदाज बांधते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा सहा उपकरणांची हृदयगतीतील चूक 5 टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकले.

प्रश्न : मी 52 वर्षांची असून माझे वजन 62 किलो आहे. रोज सकाळी रंकाळ्याभोवती 50 मिनिटे भरभर चालते. घड्याळ 400 कॅलरी दाखवते, तर मोबाइलमधील अंतर मोजणारे ॲप 230. खरे काय मानावे? आणि 400 गेल्याच असतील, तर रविवारी मिसळ खायला हरकत आहे का?

उत्तर : 230 हा आकडा सत्याच्या बराच जवळ आहे. आपल्या वजनाच्या व्यक्तीला भरभर चालताना तासाला साधारण 260 ते 270 कॅलरी लागतात, म्हणजे 50 मिनिटांना 220 च्या आसपास. मग घड्याळ इतके का चढते? चालताना हाताला बसणारे नियमित हिसके मनगटावरचे घड्याळ कधी कधी नाडीचे ठोके समजते आणि मिनिटाला पडणारी पावलेच हृदयगती म्हणून दाखवू लागते. आपली खरी गती 100 असताना घड्याळाने 130 धरली, तर 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सुपरिचित सूत्राने तुमच्या वयावजनाला 50 मिनिटांच्या 240 ऐवजी 400 कॅलरी निघतात. नेमका हाच फरक आपल्या पत्रात आहे. पडताळा सोपा आहे. फेरीच्या मध्यावर तलावाच्या कठड्याशी थांबावे, लगेच अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून 15 सेकंद ठोके मोजावेत, त्यांची चौपट करावी आणि थांबण्याआधी घड्याळात काय दिसत होते त्याच्याशी ताडून पाहावी. फरक मोठा निघाला, तर घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवून पट्टा थोडा घट्ट बांधावा.

मिसळ जरूर खावी. मात्र त्या 220 मधल्या 50 कॅलरी आपण घरी नुसत्या बसून राहिला असता तरी खर्च झाल्याच असत्या, तेव्हा चालण्याने मिळालेली खरी सवलत 170 च्या आसपासच आहे. तर्रीवर तरंगणारे तेल आणि जोडीचे पाव एवढ्यात बसत नाहीत.

प्रश्न : मी तालमीत सराव करतो. जोर मारताना घड्याळ कधी 95 तर कधी 170 दाखवते. छातीचा पट्टा घ्यावा का?

उत्तर : ठोके नीट हवे असतील तर घ्यावा. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची ये-जा पाहते. जोर मारताना मनगट मागे दुमडते, स्नायू ताठरतात आणि हे वाचन बिघडते. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, त्यामुळे तो अधिक भरवशाचा. फक्त त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करून मगच बांधाव्यात. थंडीच्या पहाटे कोरड्या कातडीवर बांधलेला पट्टा घाम येईपर्यंत वाटेल ते आकडे दाखवतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. लाल मातीत कुस्ती धरताना मात्र पट्टा व घड्याळ दोन्ही काढून ठेवावे, कारण समोरच्या पैलवानाला इजा होऊ शकते.

तरीही जोर-बैठकांच्या कॅलरी पट्ट्यावरून ठरवू नयेत. जोर लावताना, विशेषतः श्वास रोखला गेल्यास, प्राणवायूचा वापर तेवढा न वाढताही ठोके वाढतात आणि आकडा फुगतो. आपली खुराक आठवड्याच्या वजनावरून ठरवावी, आणि पट्ट्याचा उपयोग थांबल्यावर एका मिनिटात ठोके किती उतरतात हे पाहण्यासाठी करावा.

प्रश्न : पन्हाळ्याचा घाट सायकलने त्याच वेळात चढलो, तरी एप्रिलमध्ये डिसेंबरपेक्षा जास्त कॅलरी दिसतात. उन्हात चरबी अधिक जळते का?

उत्तर : नाही. उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त जाते, घामाने शरीरातील पाणी घटते, एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकलले जाते आणि ती तूट हृदय वेग वाढवून भरून काढते. काम तेवढेच असते. ते काम मोजूनही पाहता येते: आपण व सायकल मिळून 87 किलो आणि चढ 400 मीटर धरला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे काम सुमारे 340 किलोज्यूल होते, आणि शरीर खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भागच पेडलपर्यंत पोहोचवत असल्याने कॅलरींचा आकडाही योगायोगाने तेवढाच, 340 च्या आसपास, येतो. हवेचा व रस्त्याचा विरोध त्यात थोडी भर घालतो. नियमित सायकलस्वारांसाठी म्हणूनच पॉवर मीटर, म्हणजे पेडलवर प्रत्यक्ष लावलेली शक्ती मोजणारे उपकरण, अधिक विश्वासार्ह ठरतो.

प्रश्न : रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी सुरू झाल्यापासून व्यायाम तोच असून कॅलरी निम्म्या दिसतात. काय करावे?

उत्तर : गोळी स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये. ती हृदयगती वाढू देत नाही, म्हणून घड्याळाला श्रम कमी भासतात. 220 मधून वय वजा करून काढलेली कमाल गतीही आता आपल्याला लागू नाही. चालताना सलग बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढ्या वेगाला मध्यम श्रम समजावे. घेरी आली किंवा छातीत दडपण वाटले तर तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. पुढील तपासणीच्या वेळी व्यायामातली हृदयगती किती असावी, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे.