दूरच्या डॉक्टरांना बाळाचं हृदय नीट दिसावं म्हणून
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : आमचं बाळ चार महिन्यांचं आहे. तपासणीत मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमध्ये येणारा जादा घरघर आवाज) ऐकू आली. जवळपास बालहृदयरोगतज्ज्ञ नसल्यामुळे व्हिडिओ कॉलवर दाखवायचं ठरलं आहे. तयारी काय करावी?

मर्मर कशामुळे आहे, हे नुसत्या व्हिडिओवरून ठरत नाही. त्यासाठी छाती ऐकावी लागते आणि बहुतेकदा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो. पण घाई किती करायची, हे पहिल्या कॉलमध्ये ठरू शकतं आणि ते बरंचसं तुम्ही दिलेल्या माहितीवर ठरतं. जन्मापासूनची वजनं तारखांसह लिहून ठेवा. दूध पिताना बाळ दमून थांबतं का, कपाळावर घाम येतो का, एका वेळच्या दुधाला किती मिनिटं लागतात, हेही लिहा.

श्वास बाळ झोपलेलं असताना, छाती-पोट उघडं ठेवून, पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट केलेला आकडा फसवतो, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थबकतो आणि मध्येच भरभर चालतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त आणि त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे. याच वेळी मानेपासून बेंबीपर्यंतचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. कॉलवर बाळ रडायला लागलं, तर हाच उपयोगी पडतो.

निळेपणा कॅमेऱ्यावर ओळखणं अवघड असतं. फोन आपल्या मनाने रंग बदलतो आणि पिवळ्या दिव्यात निळसर झाक लपते. खिडकीच्या उजेडात, शेजारी पांढरं कापड ठेवून जीभ आणि हिरड्या दाखवा. थंडीत हातपाय निळसर होणं वेगळं, जीभ निळी होणं वेगळं. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण दाखवणारा, मोठ्यांच्या बोटाला लावायचा चिमटा-ऑक्सिमीटर बाळाला लावू नका, आकडा चुकतो. पावलाला गुंडाळायचा सेन्सर मिळाला, तरी पडद्यावरची नाडीची लहर स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहू नका.

प्रश्न : आमच्या दवाखान्यात डिजिटल स्टेथोस्कोप आहे. कॉलवर मात्र पलीकडच्या डॉक्टरांना काहीच ऐकू जात नाही. बिघाड स्टेथोस्कोपमध्ये आहे का?

बहुधा नाही. कॉलची ॲप्स माणसाच्या बोलण्यासाठी जुळवलेली असतात. हृदयाचे खालच्या पट्टीतले आवाज आणि मर्मरची घरघर त्यांना गोंगाट वाटते आणि ती दोन्ही पुसून टाकतात. ॲपमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय बंद करता येत असेल तर करा. त्याहून चांगलं म्हणजे छातीवरच्या चारही ठरलेल्या जागांवर प्रत्येकी १५ सेकंद रेकॉर्ड करून मूळ फाइल पाठवा. पंखा बंद ठेवा. मूल आडवं असताना आणि बसवल्यावर, दोन्ही वेळा रेकॉर्ड करा. निरुपद्रवी मर्मर बसल्यावर बहुधा मंदावते, त्यामुळे हा फरक मोलाचा आहे. ऐकणाऱ्यांनी हेडफोन लावायलाच हवेत, लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून हे आवाज नीट निघत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे मोठ्या माणसांचे इको होतात. आता लहान मुलांचे इको दूरच्या तज्ज्ञांना पाठवायचे आहेत. काय बदलावं लागेल?

आधी प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचं मशीनचं टोक. मोठ्यांचा २ ते ४ मेगाहर्ट्‌झचा प्रोब खोलवर पोहोचतो, पण नवजात बाळाच्या हृदयातले बारकावे त्यात विरून जातात. नवजातासाठी ८ ते १२ मेगाहर्ट्‌झचा प्रोब लागतो, थोड्या मोठ्या मुलासाठी ५ ते ८ चा. मशीनवर मुलांसाठीचं सेटिंग निवडा, चित्र किती खोलवरचं दिसतं ते कमी करा, चित्राचा कोन अरुंद ठेवा. नाहीतर मिनिटाला १४० ठोके पडणाऱ्या हृदयाची हालचाल तुटक दिसते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो क्लिपमध्ये. मोठ्यांच्या सवयीने एकेक सुबक दृश्य टिपलं जातं. जन्मजात दोषात मात्र कोणता कप्पा कुठे जोडला आहे, कोणती रक्तवाहिनी कुठून निघते, हे पाहायचं असतं. म्हणून बरगड्यांखालून सुरुवात करा आणि प्रोब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत सलग क्लिप घ्या, आधी साधी आणि मग रंगीत डॉप्लरची (रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी). क्लिपची लांबी ठोक्यांवर न ठेवता ३ ते ५ सेकंदांवर ठेवा. ईसीजीची तार नीट लागलेली नसेल, तर मशीन ठोका चुकीच्या जागी कापतं. मानेच्या खाचेतून महाधमनीची कमान दाखवणारं दृश्य शेवटी घ्या, कारण मान मागे केली की बाळ रडतं. पण ते गाळू नका, महाधमनी अरुंद असल्याचं तिथेच निसटतं. बाळाचं पोट भरलेलं असावं, जेल कोमट असावं. झोपेचं औषध द्यायचं झालंच, तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

मशीनच्या पडद्यासमोर मोबाइल धरून चित्रीकरण करू नका, रंग बदलतात आणि पट्टे उमटतात. मशीनच्या व्हिडिओ आउटपुटला कॅप्चर कार्ड (मशीनवरचं चित्र थेट संगणकात घेणारं उपकरण) जोडा. इंटरनेटचा डाउनलोडचा वेग कितीही असो, इथे अपलोडचा वेग मोजायचा. १९९० च्या दशकात ३८४ केबीपीएसच्या जोडणीवरही असे इको वाचले गेले आहेत, त्यामुळे स्थिर २ एमबीपीएस पुरेत. मात्र वायफायपेक्षा केबल बरी. बाळ स्थिर असेल तर क्लिप पाठवून ठेवल्या तरी चालतं. गंभीर नवजातासाठी थेट जोडणीच हवी, म्हणजे तज्ज्ञ ‘प्रोब थोडा डावीकडे’ असं तिथल्या तिथे सांगू शकतात.

प्रश्न : कॉलची वाट पाहू नये अशी वेळ कोणती?

प्रसूतिगृहात जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताचं आणि कोणत्याही एका पायाचं ऑक्सिजन-प्रमाण मोजतात. उजवाच हात का? त्याला डक्टस या जोडवाहिनीच्या (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी, जन्मानंतर बंद होणारी वाहिनी) आधीचं रक्त मिळतं, पायाला नंतरचं. दोन्हीकडे ९५ टक्के किंवा जास्त आणि फरक ३ पर्यंत असेल तर ठीक. कुठेही ९० च्या खाली असेल तर लगेच डॉक्टर. मधल्या आकड्यांसाठी तासाभराने पुन्हा मोजा. आकडे ठीक असले तरी जांघेतली नाडी हाताने तपासाच, हे कोणताही कॅमेरा करू शकत नाही.

डक्टस उघडी असेपर्यंतच बाळ तग धरू शकतं असा दोष असल्याची शंका आली, तर डॉक्टरांनी तज्ज्ञांशी साध्या फोनवर बोलून प्रोस्टाग्लँडिन (डक्टस उघडी ठेवणारं औषध) सुरू करावं, इकोची जोडणी जुळेपर्यंत थांबू नका. या औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून श्वास देण्याची तयारी बाळाशेजारी आधीच हवी.

घरी फॅलोचा दोष (मूल निळं पडतं असा जन्मजात हृदयदोष) असलेलं मूल अचानक जास्त निळं पडून धापा टाकू लागलं, तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा, त्याला शांत करा आणि रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना फोन वाटेत करा.