चार वह्या आणि एक फर्स्ट पीस

प्रश्न: मी अंबडला सीएनसी मशीनवर काम करतो. मुलगा अकरावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास लावलाय. सहामाहीत फिजिक्समध्ये नापास झाला म्हणून दप्तर बघितलं, तर दोनशेपानी चार वह्या सापडल्या. आपल्या जिल्ह्यातल्या पंधरा तालुक्यांची कबड्डी लीग त्याने मनानेच काढली आहे. प्रत्येक संघाचं बोधचिन्ह, जर्सी, चड्डी, कोणी कोणाला किती गुणांनी हरवलं, गुणतक्ता, सगळं आहे. अशी लीग कुठेच नाही. मी चिडून वह्या कपाटावर टाकल्या. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. काही पानांचे फोटो पाठवतोय. हे नुसतं वेड आहे की यात काही आहे? यातून पोट भरेल का? की वह्या रद्दीत घालू?
(एक पालक, सिडको, नाशिक)

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वह्या रद्दीत घालू नका. आज कामावरून आलात की कपाटावरून काढा आणि त्याच्या हातात द्या. काही बोलायची गरज नाही, फक्त द्या. फिजिक्स का गेलं हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर त्याच्या शिक्षकांशी बोलून शोधू. वह्या नसत्या तर तो पास झाला असता, असं मला तुमच्या पत्रातून तरी दिसत नाही.

तुम्ही पाठवलेली पानं मी तीनदा बघितली. या वयाची बरीच मुलं लोगो काढतात. एक चिडलेला वाघ, खाली इंग्रजीत नाव, बाजूला विजेची रेघ. तुमच्या मुलाने ते केलेलं नाही. त्याने पंधरा संघ एकमेकांशेजारी ठेवलेत, आणि खरी अवघड गोष्ट तीच आहे. एकच चिन्ह काढताना ते छान दिसलं की झालं. पंधरा काढताना प्रत्येक चिन्ह उरलेल्या चौदांपेक्षा वेगळं दिसायला हवं आणि तरी सगळी एकाच लीगची वाटायला हवीत. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी एकदा खेळला तर १०५ जोड्या होतात. म्हणजे १०५ वेळा दोन जर्सी समोरासमोर येणार. हा हिशेब त्याला कोणी शिकवलेला नाही, तरी गुणतक्ता मांडता मांडता तो त्याच्यापर्यंत पोचलाय.

चांदवडचं पान बघून तर मी थांबलेच. दुष्काळी तालुका, आणि चिन्ह म्हणून वल्हं! मग लक्षात आलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनाला गेलेले दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या गावातला माणूस वल्हं घेऊन जगापुढे गेला, ही गोष्ट मुलाने एका उभ्या आकारात बसवली आहे. चिन्हामागे गोष्ट हवी, पण ती सांगायला शेजारी माणूस उभा राहायला लागू नये. हे भल्याभल्यांना जमत नाही. निफाडचा द्राक्षाचा घडही पक्का आहे. नुसते गोल, पण लांबूनही घडच दिसतो.

"अशी लीग कुठेच नाही" हे तुमचं वाक्य वाचून मला ब्राझीलची पिवळी जर्सी आठवली. तीही आधी फक्त एका मुलाच्या कागदावर होती. १९५० च्या फुटबॉल विश्वचषकात ब्राझील आपल्याच घरी उरुग्वेकडून हरला, तेव्हा अंगावर पांढरे शर्ट होते. ते नकोसे झाले. १९५३ मध्ये रिओच्या एका वर्तमानपत्राने नव्या गणवेशाची स्पर्धा ठेवली. अट एकच, राष्ट्रध्वजातले चारही रंग आले पाहिजेत. आल्दिर गार्सिया श्ली नावाच्या, जेमतेम एकोणीस वर्षांच्या, वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढणाऱ्या मुलाने पिवळा शर्ट, हिरवी किनार, निळी चड्डी आणि पांढरे मोजे असं चित्र पाठवलं. १९५४ पासून ब्राझील ते घालून खेळतोय. पण अर्धीच गोष्ट सांगून मी तुम्हाला गोड स्वप्न दाखवणार नाही. श्ली पुढे लेखक आणि प्राध्यापक झाला. जर्सी काढणं हा काही त्याचा व्यवसाय झाला नाही.

आता खोट. ती मुलालाही वाचून दाखवा, कौतुक ऐकायची त्याला जितकी गरज आहे तितकीच याचीही आहे.

पंधरापैकी नऊ संघ भगवे आहेत. हा त्याचा एकट्याचा दोष नाही. आपल्याकडे मंडळाची जर्सी म्हटली की हात आपोआप भगव्याकडे जातो. मागे एका गावच्या स्पर्धेत मी स्वतः बघितलंय, दोन्ही संघ भगव्यात उतरले. आता चढाई करणारा कोण आणि पकडणारा कोण, हे पंचांनाच कळेना. शेवटी एका संघाला उघड्या अंगावर बनियन घालून खेळवलं. रंग हा संघाचा असतो तसाच समोरच्याचाही असतो. मुलाला यंदा रंगपंचमीला जुन्या नाशकात पाठवा. पेशवेकाळापासूनच्या त्या रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे हौद, प्रत्येकीचा रंग ठरलेला आणि वेगळा. अंगावरच्या रंगावरून माणूस कुठल्या रहाडीत उडी मारून आला ते कळतं. रंग आणि ठिकाण यांची इतकी घट्ट गाठ घरापासून काही किलोमीटरवर असताना नऊ संघांना एकच रंग का?

प्रत्येक संघाला दोन जर्सी द्यायला सांगा, एक गडद आणि एक फिकट. मग कोणत्याही जोडीचा मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करायचा. दोन्ही एकाच करड्या छटेचे दिसले तर जोडी बाद. नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलसारख्या श्रीमंत लीगने हे केलं नाही. बफेलो बिल्स नखशिखांत लाल आणि न्यूयॉर्क जेट्स नखशिखांत हिरव्या गणवेशात उतरले. लाल-हिरव्यातला फरक ज्यांच्या डोळ्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांना टीव्हीवर एकच संघ खेळताना दिसला. मोठी ओरड झाली.

येवल्याच्या मोराबद्दलही बोलायला हवं. सुंदर काढलाय, पिसाऱ्यात रेघा मोजता येणार नाहीत इतक्या. पण छातीवर तो सात-आठ सेंटिमीटरचा होईल आणि रेघा एकमेकींत मिसळून निळा डाग उरेल. त्याला एकदा येवल्याला न्या आणि मागावरचा मोर जवळून दाखवा. विणकराला हवी तशी वळणदार रेघ काढता येत नाही. उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या हिशेबात, पायऱ्यापायऱ्यांनी मोर बसवावा लागतो. तरी तो मोरच असतो, आणि जगात कुठेही पैठणीचाच म्हणून ओळखू येतो. काय गाळायचं हे त्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवत आणलंय. इतका चांगला धडा मी वर्गात बसून देऊ शकणार नाही.

आता तुमच्या कामाकडे येते. सीएनसीवर नवा जॉब लागला की तुम्ही लगेच पाचशे नग काढता का? आधी फर्स्ट पीस, म्हणजे पहिला नमुना नग काढता, व्हर्नियरने मापं तपासता, क्यूसीची, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्यांची सही घेता, मगच पुढे. मुलाच्या चार वह्यांत ड्रॉइंग भरपूर आहेत, फर्स्ट पीस एकही नाही. या कामात पुढे जायचं का, हे वहीवरून ठरणारच नाही. ते कापडावर ठरेल.

हल्ली बहुतेक जर्सी सब्लिमेशनने छापतात. डिझाइन आधी कागदावर उलटं छापतात. मग तो कागद कापडावर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसच्या प्रेसमध्ये दाबतात. शाईची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. म्हणून सुती कापडावर हे टिकत नाही. शिवाय या पद्धतीत पांढरी शाईच नसते. जिथे पांढरं हवं तिथे कापड कोरं सोडायचं. मुलाने मालेगावच्या काळ्या जर्सीवर मागाचा पांढरा धोटा काढलाय, तो काळ्या कापडावर छापून मिळणारच नाही. पांढरं कापड घेऊन धोट्याभोवतीचं सगळं काळं छापावं लागेल. पुढची बाजू, मागची बाजू, बाह्या वेगवेगळ्या छापून नंतर शिवतात. त्यामुळे त्याने इगतपुरीच्या जर्सीवर पोटापासून पाठीपर्यंत फिरवलेली पावसाची तिरकी रेघ शिवणीवर तुटेल, आणि मध्यम मापात जुळली तरी मोठ्या मापात जुळणार नाही. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छापून आल्यावर मंदावतो. हे सगळं ऐकून कळत नाही, हातात आल्यावर कळतं.

कापडावर आल्यावरही फसगत होते. एप्रिल १९९६ मध्ये इंग्लंडमधला मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल क्लब साउदॅम्प्टनच्या मैदानावर राखाडी जर्सीत उतरला आणि मध्यंतरापर्यंत तीन गोलांनी मागे पडला. आपलेच सहकारी मागच्या गर्दीत दिसत नाहीत, असं कारण देऊन संघाने उत्तरार्धात जर्सी बदलली. सामना ३-१ असा हरलाच, पण ती जर्सी पुन्हा वापरली नाही. एवढ्या मोठ्या क्लबच्या जर्सीची खरी तपासणी मैदानावर झाली.

तेव्हा माझं म्हणणं असं. येत्या तीन महिन्यांत त्याने एकच जर्सी पूर्ण करायची. तालुक्याची नाही, जवळपासच्या एखाद्या खऱ्या मंडळाची किंवा शाळेच्या संघाची. त्यांच्याकडे जायचं, काय हवं ते विचारायचं, काढून दाखवायचं. ते म्हणतील, "आमच्या प्रायोजकाचं नाव मोठं कर, मोर काढून टाक, भगवाच दे." तेव्हा तो काय करतो ते बघा. वहीतल्या लीगमध्ये त्याला नाही म्हणणारं कोणी नव्हतं. चिडून घरी आला आणि पुन्हा वह्यांत शिरला, तर हा छंद म्हणून उत्तम आहे, तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी तीन नवे पर्याय घेऊन परत गेला, तर मला फोन करा. एका नमुना जर्सीला काही शे रुपये लागतील. ते तुम्ही द्या, आणि तुमचा व्हर्नियर एक दिवस घरी आणून त्याच्या हातात द्या. चिन्हातल्या दोन रेघांमध्ये किती जागा सोडायची, हे त्याला तुमच्याइतकं नीट घरात कोण सांगणार?

चिन्ह आंतरजालावरून उचलायचं नाही, एवढी एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पक्की हवी. सिन्नरचा सिंह मला ओळखीचा वाटला. कोणाच्या तरी चित्रावरून गिरवलेला असेल तर आत्ताच खोडायला सांगा. वहीत चालून जातं, मंडळाच्या छातीवर गेलं की ती चोरी होते.

पोटाचं स्पष्ट सांगते. नुसते संघांचे लोगो काढून नाशकात घर चालणार नाही. जर्सीच्या दुकानात डिझाइन ऑर्डरबरोबर फुकटच देतात, पैसे नगाचे घेतात. मोठ्या लीगमधले संघ थोडे आणि त्यांचं काम बहुतेक वेळा मुंबई-बंगळुरूच्या डिझाइन कंपन्यांकडे जातं. त्या कंपन्यांतही वर्षभर खेळच असतो असं नाही. मधल्या काळात साबणाचं वेष्टन असतं, दवाखान्याच्या पाट्या असतात. पण जो माणूस पंधरा संघ वेगळे ठेवू शकतो, तो पंधरा उत्पादनं, पंधरा शाखा, पंधरा मार्गांच्या बसही वेगळ्या ठेवू शकतो. पैसे या कौशल्याला मिळतात. आणि आपल्या जिल्ह्यात द्राक्षं, बेदाणे, वाइन, मसाले यांचे किती छोटे उत्पादक पेट्यांवर कुठलंही चित्र छापून माल पाठवतात, ते तुम्हीही बघत असाल. काम करताना मोबदला आणि हक्क आधी लिहून घ्यायचे, हेही शिकवा. नायकेचं प्रसिद्ध चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने काढलं, बिल झालं ३५ डॉलर. कंपनीने तिला काही वर्षांनी समभाग दिले, पण प्रत्येकाच्या वाट्याला तसं येत नाही.

शिक्षणासाठी आज काहीही मोडायची गरज नाही, सायन्ससुद्धा सोडायला नको. आयआयटींमधल्या बी.डिझाइनसाठीची यूसीड परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेच्या मुलाला देता येते, आणि तीही फक्त लागोपाठच्या दोन वर्षांतच, दोनदाच. एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था) आणि निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या. या सगळ्या बारावी चालू असतानाच, हिवाळ्यात होतात, म्हणून तयारी अकरावीच्या उन्हाळ्यात सुरू व्हावी. गणवेशाकडे ओढा जास्त असेल तर निफ्टमध्ये निटवेअर डिझाइन आहे, कारण जर्सीचं कापड मागावर विणलेलं नाही, स्वेटरसारखं गुंफलेलं (निट) असतं. चिन्हांकडे ओढा असेल तर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी आहे. मुंबईत जे.जे. ही कलासंस्था आहे, नाशकातही चित्रकला महाविद्यालय आहे, आणि खर्च एनआयडी किंवा आयआयटीपेक्षा बराच कमी. जेईईचा क्लास चालू ठेवायचा की नाही, हे मी आज सांगणार नाही. ते जर्सी शिवून झाल्यावर ठरवू.

तोवर त्याने वहीतली लीग खेळवत राहावी. पुढच्या हंगामात चांदवड कोणत्या स्थानावर आलं, ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

फर्स्ट पीस तयार झाला की फोटो पाठवू नका. दोघे मिळून या, जर्सी घेऊनच. आणि आणण्याआधी ती तीन-चार वेळा धुतलेली असू द्या.