दिसायला सारखंच असेल तर टेबल काय आणि स्टाइलशीट काय?

प्रश्न असा आहे: "वेबसाइटच्या लेआउटसाठी टेबलऐवजी स्टाइलशीट वापरण्याचे फायदे काय? आमच्या क्लासचे सर म्हणतात, ब्राउझरमध्ये दिसायला सारखंच असेल तर काय फरक पडतो?"

टेबल म्हणजे पान ओळी-रकान्यांच्या चौकटीत बसवणं, आणि स्टाइलशीट (सीएसएस) म्हणजे रंग, रुंदी, मांडणीचे नियम लिहिलेली वेगळी फाइल. फायद्यांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. मी लिहायला बसलो तो तुमच्या सरांच्या त्या वाक्यामुळे. "दिसतंय ना सारखं? मग झालं!" हे आमच्या दाजींचं पेटंट वाक्य. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं तरी माझं डोकं फिरतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकला कॉलेज रोडवर त्यांचं वेबसाइट बनवून द्यायचं ऑफिस होतं आणि डिप्लोमा झाल्यावर मी तिथेच चिकटलो. काळ २००६-०७ चा. कामाची पद्धत ठरलेली. फोटोशॉपमध्ये पान रंगवायचं, स्लाइस टूलने त्याचे तुकडे पाडायचे, सेव्ह फॉर वेब करायचं आणि जे टेबल बाहेर पडेल ते ड्रीमव्हीवरमध्ये उघडून त्यात मजकूर भरायचा. टेबलात टेबल, त्यात आणखी एक टेबल. डाव्या बाजूची सावली दाखवायला सात पिक्सेल रुंदीचा एक टीडी (टेबलाचा कप्पा), त्याच्या बॅकग्राउंडला एक जिफ चित्र. रिकामा टीडी मिटून जाऊ नये म्हणून त्यात एक पिक्सेलची पारदर्शक स्पेसर जिफ. मेन्यूची बटणंसुद्धा चित्रंच. हे सगळं प्रत्येक पानात नव्याने, कारण नवं पान म्हणजे जुन्याची सेव्ह ॲज.

पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष निर्यातदार आमचं गिऱ्हाईक होतं. माल युरोपला जायचा. साइट जांभळ्या रंगाची, रुंदी ७६० पिक्सेल, कारण ती केली तेव्हा सगळे ८०० बाय ६०० चा स्क्रीन धरून चालायचे. ऐन हंगामात, जानेवारीत, शेठ ऑफिसात आले. सोबत नव्या पॅकिंगचा रिकामा बॉक्स. हिरवा. म्हणाले, "फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिकाला निघालोय. साइट या बॉक्ससारखी करून द्या. आणि जरा रुंद करा, हॉलंडच्या पार्टीच्या मॉनिटरवर अर्धा स्क्रीन रिकामा राहतो. रंगच तर बदलायचाय, दोन दिवसांत होईल ना?"

दाजी म्हणाले, होईल. दाजी नेहमी होईलच म्हणतात.

आता गंमत बघा. रंग कोडमध्ये होता, पण नुसता कोडमध्ये नव्हता. काही पानांत बीजीकलर (पार्श्वरंग) म्हणून होता, तोही तीन पोरांनी तीन तऱ्हेने लिहिलेला, एकाची शेड तर निराळीच. बाकीचा रंग जिफमध्ये शिजवलेला: हेडरचा ग्रेडियंट, बटणं, कोपऱ्यांच्या गोलाया. फाइंड अँड रिप्लेस मारला की टीडी हिरवे व्हायचे आणि कोपरे जांभळेच राहायचे. रुंदी वाढवायची तर स्लाइस नव्याने पाडायचे, म्हणजे टेबल नवं, म्हणजे सगळा मजकूर उचलून परत भरायचा. इंग्रजी पानं, जर्मन पानं, वाणांची पानं, थॉमसनचं वेगळं, सोनाकाचं वेगळं, शरदचं वेगळं. त्यात लोडशेडिंग. पिंपळगावचे लोक म्हणायचे नाशिकला बरं आहे, पण आमचा यूपीएसही काही फार वेळ टिकायचा नाही.

मी दाजींना म्हटलं, ही तर घराचा रंग बदलायला एकेक वीट काढून, रंगवून परत बसवायची तऱ्हा झाली. स्टाइलशीट करू. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, फक्त मजकूर ठेवू, रंग, रुंदी आणि कॉलम एका फाइलीत. पुढच्या वर्षी शेठने बॉक्स पिवळा केला तर एक फाइल बदलायची, एफटीपीने सर्व्हरवर चढवायची आणि घरी जायचं. दाजींनी नकार दिला. मी सीएसएस झेन गार्डन उघडून दाखवलं. डेव्ह शे या माणसाची २००३ सालची साइट. एचटीएमएल तेच, काना-मात्रा न बदललेलं, नुसती स्टाइलशीट बदलली की पान ओळखू येत नाही. दाजींनी दोन-तीन डिझाइन बघितली आणि म्हणाले, "फुलं छान आहेत. आपल्या द्राक्षवाल्याला यातलं काय करायचंय?"

तरी मी संध्याकाळी थांबून तीन पानं करून ठेवली. फायरफॉक्समध्ये सुरेख. दाजींनी ती स्वतःच्या मशीनवर इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये उघडली आणि उजवा कॉलम धप्पकन खाली. ऑफिसभर ऐकू जाईल असं म्हणाले, "टेबल कधी असं पडतं का?" हा त्या ब्राउझरचा प्रसिद्ध दोष होता. फ्लोट केलेल्या, म्हणजे एका बाजूला सरकवलेल्या, डब्याला त्याच बाजूने मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) दिलं की तो ते दुप्पट धरायचा, बेरीज रुंदीबाहेर जायची आणि शेवटचा कॉलम खाली उतरायचा. उपाय एका ओळीचा: त्या डब्याला डिस्प्ले इनलाइन द्यायचं. मी दहा मिनिटांत ती ओळ घातली. दाजींनी परत बघितलंच नाही. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

दोन पोरं टेबलांना भिडली. शेठ विमानात बसले तेव्हा पहिलं पान आणि इंग्रजी पानं हिरवी होती, जर्मन पानं जांभळी आणि अरुंद. बर्लिनमध्ये बसून जर्मन गिऱ्हाइकाला जर्मन पान दाखवायची पाळी आली, तेव्हा शेठला ते कळलं. तिथून आयएसडी करून ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आल्यावर त्यांनी काम काढून घेतलं नाही, फक्त म्हणाले, "तो पोरगा काहीतरी वेगळं म्हणत होता ना, त्याला करू द्या." मी अख्खी साइट स्टाइलशीटवर घेतली. पुढे मी दाजींकडून बाहेर पडलो तेव्हा शेठ आपणहून माझ्याकडे आले, कारण सकाळी सांगितलेला बदल त्यांना संध्याकाळी दिसायचा. दाजींच्या मते मी गिऱ्हाईक पळवलं. आजही भाऊबीजेला ताट वाढलं की विषय निघतो आणि ताई म्हणते, "जेवताना नको."

आणि हे काही तेव्हाचं नवं फॅड नव्हतं. हाकोन व्हिउम ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत असताना १९९४ साली कॅस्केडिंग स्टाइलशीटचा प्रस्ताव मांडला, बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएस १ ही वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली. टेबल नुसत्या लेआउटसाठी वापरू नका, त्यासाठी स्टाइलशीट आहेत, हे एचटीएमएल ४.०१ च्या १९९९ सालच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे. म्हणजे आमचं भांडण झालं तेव्हा निकाल लागून कैक वर्षं झाली होती, फक्त कॉलेज रोडपर्यंत पोचला नव्हता. तुमच्या क्लासपर्यंत अजून पोचला नसेल तर सरांना माझा नमस्कार सांगा.

बरं, तुमचे फायदे. एका जागी बदल, सगळीकडे परिणाम, हा पहिला आणि तो वर झाला. स्टाइलशीटची फाइल ब्राउझर एकदा उतरवून कॅशमध्ये ठेवतो, मग पुढची पानं हलकी होतात. छपाईसाठी वेगळे नियम देता येतात, मेन्यू आणि जाहिराती कागदावर येत नाहीत. स्क्रीन रीडर (अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टेबल कोडच्या क्रमाने वाचतो, एका ओळीतले टीडी संपवून मग पुढची ओळ. नजरेला वरून खाली नीट दिसणारा कॉलम कानाला तुकड्यातुकड्यांत ऐकू येऊ शकतो. सारखं "दिसतं" म्हणणाऱ्यांनी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट उतरवून, डोळे मिटून आपलं पान एकदा ऐकावं.

मराठी साइट करणार असाल तर आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. टेबलवाल्या काळात मराठी मथळे चित्र करून टाकायचे, कारण समोरच्याकडे फॉन्ट असेलच याची खात्री नसायची. ते गूगलला वाचता येत नव्हते, कॉपी होत नव्हते. आता मजकूर युनिकोडमध्ये असतो, पण देवनागरीला इंग्रजीपेक्षा ओळीची उंची जास्त लागते. लाइन हाइट इंग्रजीच्या मापाने ठेवली तर "र्तीं" सारख्या अक्षराचा रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीच्या उकारात जाऊन अडकतात. आणि इंग्रजी मथळ्यासाठी टाकलेलं लेटर स्पेसिंग मराठी मथळ्याला लागलं की शिरोरेखा तुटून अक्षरं सुटी पडतात. स्टाइलशीटमध्ये लँग सिलेक्टर (भाषेनुसार नियम लावायची सोय) वापरून मराठी मजकुरापुरतं हे दोन्ही एकाच जागी दुरुस्त होतं. फॉन्ट टॅगने हे प्रत्येक परिच्छेदात करत बसा मग.

मोबाइलचं तर बोलायलाच नको. २०१५ च्या सिंहस्थात पंचवटीतल्या लॉज शोधणारा माणूस नाशिक रोड स्टेशनबाहेर रिक्षात बसून फोनवर शोधत होता. त्याच वर्षी एप्रिलपासून गूगलने मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइल शोधात झुकतं माप द्यायला सुरुवात केली. ज्यांचा लेआउट स्टाइलशीटमध्ये होता त्यांना मीडिया क्वेरीच्या, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे लागणाऱ्या नियमांच्या, काही ओळींत कॉलम एकाखाली एक आणता आले. तीन टीडींची ओळ फोनवर तीन टीडींचीच राहते, चिमटीने मोठी करून वाचायची. म्हणून सरांना विचारा, सारखं कुठे दिसतं? कुणाच्या स्क्रीनवर?

दाजींच्या बाजूने एवढं म्हणतो की तेव्हा फ्लोटने कॉलम करणं हा खरोखर वैताग होता. फ्लोट मुळात चित्राच्या कडेने मजकूर वाहावा म्हणून होता, आम्ही त्याला खांब करून वापरत होतो. ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांत पान मांडायची सीएसएसची खास सोय, ब्राउझरांत आलं मार्च २०१७ मध्ये, क्रोम ५७ आणि फायरफॉक्स ५२ पासून. आता तुम्हाला फ्लोटच्या वाटेला जायचं कारण नाही. लहान ओळीबिळीसाठी फ्लेक्सबॉक्स आणि अख्ख्या पानासाठी ग्रिड, एवढं शिका. ज्याच्याकडे शिकताय तो ग्रिड शिकवत नसेल तर क्लास बदला, फी गेली तरी चालेल. आणि त्याच्याकडे नोकरीला लागू नका. नात्यातला असेल तर मुळीच नको.

टेबलला पूर्ण रजा द्या असं मात्र म्हणत नाही. ईमेलचं न्यूजलेटर करायचं असेल तर टेबलच लागेल, कारण आउटलुक २००७ पासून विंडोजवरचं क्लासिक आउटलुक वर्डच्या इंजिनाने मेल दाखवत आलं आणि त्याला फ्लोट-ग्रिडचं काही कळत नाही. आणि जिथे माहितीच ओळी-रकान्यांची आहे तिथे टेबलच हवं. लासलगावचे कांद्याचे भाव घ्या: तारीख, आवक क्विंटलमध्ये, किमान, कमाल, सर्वसाधारण दर. हल्लीची पोरं तेही डिव्हमध्ये (साध्या डब्यांत) कोंबतात आणि वर स्वतःला आधुनिक म्हणवतात. तिथे सरळ टेबल करा, रकान्यांच्या मथळ्यांना टीएच (मथळ्याचा कप्पा) आणि स्कोप (तो कशाचा मथळा ते) द्या, आकडे उजवीकडे लावा. ते उजवीकडे लावायचं मात्र स्टाइलशीटमधून, अलाइन राइट प्रत्येक टीडीत लिहून नव्हे.