सिनॉप्सिस पाठवण्याआधी

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा पीएचडीचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मिळाला, दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण शीर्षक वाचून मला हसू आलं, रागावू नकोस. 'अमुक तलावातील भौतिक-रासायनिक घटक व प्राणिप्लवकांची विविधता' या साच्यातले, म्हणजे पाण्याची तपासणी आणि त्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांची यादी असे, प्रबंध आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत धूळ खात पडले आहेत. तलावाचं नाव तेवढं बदलतं. आतल्या याद्या बहिणी-बहिणींसारख्या दिसतात, आणि गडचिरोलीतला तलाव व बुलढाण्यातला तलाव यांत तेच प्राणी कसे, हे मौखिक परीक्षेतही कुणी विचारत नाही.

तीन तलाव, दोन वर्षं, महिन्यातून एकदा नमुने, रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांपासून शिंपल्यांपर्यंत सगळे गट. समितीला हे भारदस्त वाटेल. पण तुला नेमकं शोधायचं काय आहे, ते पानभर उद्दिष्टांत कुठेच सापडलं नाही. 'विविधतेचा अभ्यास करणे' म्हणजे 'तलावावर जाणे' एवढंच झालं.

आधी प्राण्यांची जात ओळखण्याबद्दल लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहणार आहे. तुझ्या संभाव्य यादीत 'डॅफ्निया प्युलेक्स' ही पाणपिसू आहे. हे नाव आलं कुठून? जुन्या यादीतून. आणि त्या यादीत? 1959 साली अमेरिकेत, तिथल्या गोड्या पाण्यासाठी निघालेल्या एका जाडजूड किल्लीतून, म्हणजे एकेक लक्षण विचारत नावापर्यंत नेणाऱ्या पुस्तकातून, जिच्या फोटोकॉप्या आपल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं फिरल्या. परक्या किल्लीची अडचण अशी की आपला प्राणी तिच्यात नसला तरी ती गप्प बसत नाही. चाळीस पायऱ्या उतरवून कुठलं ना कुठलं नाव हातात देतेच. डेव्हिड फ्रे यांनी 1980 च्या दशकात कायडोरिड कुळातल्या बारक्या कवचधारींवर दाखवून दिलं की जगभर एकच समजलेली जात पुष्कळदा वेगवेगळ्या खंडांवरची वेगळी जात निघते. तेव्हापासून आपल्याकडच्या पाण्यातलं युरोपीय नाव दिसलं की माझी भुवई आपोआप वर जाते. मृदुकाय प्राण्यांसाठी, म्हणजे गोगलगायी-शिंपल्यांसाठी, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं, म्हणजे झेडएसआयचं, सुब्बा राव यांचं 1989 चं हस्तपुस्तक वापर. त्यातली काही नावं आता बदलली आहेत, ती ताडून घे. पण प्राणी इथलेच आहेत.

जिथे खात्री संपते तिथे 'एसपी', म्हणजे जात ठरली नाही, असं लिहून थांब. डायाप्टोमिड कुळापर्यंतच पोचलीस तर कुळच लिही. गाईड म्हणतील, यादी लहान दिसते. दिसू दे. चुकीच्या नावांवर विविधता मोजणारा शॅनन निर्देशांक काढला तर दशांशचिन्हानंतरचे तीन आकडे काय सांगणार?

आणि बाटली ठेव. हे मी तुला वर्गातही सांगत असे. प्रत्येक जातीचा किमान एक नमुना, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. शाईची नको, अल्कोहोलमध्ये ती पसरते. गाव, तलाव, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, कशाने पकडला, कुणी पकडला. चिठ्ठी बाटलीच्या बाहेर चिकटवलीस तर पहिल्या पावसाळ्यात झुरळं ती खातील. शिंपले आणि मोठे कीटक अल्कोहोलमध्ये टाकले की दुसऱ्या दिवशी ते बदल, कारण त्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. डीएनए कधीतरी पाहायचं मनात असेल तर फॉर्मलिन टाळ, 95 टक्के अल्कोहोल घे. कॉलेजला त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, त्याची फाईल आजच हलवायला लाव. ती फाईल तुझ्या पीएचडीपेक्षा हळू चालेल. काम झाल्यावर एक संच झेडएसआयच्या पुण्याच्या किंवा हैदराबादच्या केंद्रात जमा करता येतो का, ते आत्ताच पत्र लिहून विचार. नमुना असला की उद्या कुणी तुझं नाव चुकलं म्हणालं तरी तो बाटली उघडून पाहू शकतो. नुसत्या यादीचं तो काय करेल?

गोगलगायींसाठी एक सोपी सवय लाव. शंखाचं टोक वर धरायचं, तोंड आपल्याकडे करायचं. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा शंख, डाव्या हाताला आलं तर डावा. लिम्निया उजवी, फायसा डावी. गावाच्या गटारापाशी आणि सांडपाण्याच्या नाल्यात जी डाव्या शंखाची छोटी चमकदार गोगलगाय दिसते ती बहुधा बाहेरून आलेली फायसा. आता गंमत बघ. नागपूरच्या टाकळीला, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या तळ्याच्या गाळात, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडतात. त्यातली फायसा प्रिन्सेपी म्हणून ओळखली गेलेली, तीही डावीच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासची. ते थर खणून शंख गोळा करणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे, 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना पुराच्या नाल्यात बुडाले. म्हणून सांगते, पावसात नाला गढूळ दिसला तर अलीकडेच थांबायचं. नमुना चुकला तर चुकला.

आता प्रश्न. तो तुला तुझ्याच गावात मिळेल.

आपल्या भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले, सरकारकडे आले ते मालगुजारी रद्द करणाऱ्या 1950 च्या कायद्यानंतर. चार-पाच जिल्ह्यांत मिळून सहा-सात हजार असतील, शिवाय शेतातल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी, वेगळ्या. गेली काही वर्षं गाळ काढायच्या सरकारी योजना जोरात आहेत. उन्हाळ्यात पाणी आटलं की जेसीबी उतरतो, ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, गाळ शेतात जातो. शेतकऱ्याला तो हवाच असतो आणि तलावात पाणीही जास्त मावतं. यात वाईट काही नाही.

पण त्या गाळात काय असतं, ते पाहिलंस का? डॅफ्नियासारखे कवचधारी पाणी आटायला लागलं की पाठीवरच्या काळपट पिशवीत टिकाऊ अंडी घालतात. रोटिफरांचीही सुप्त अंडी असतात. आणि दरवर्षी आटणाऱ्या, मासे नसलेल्या डबक्यांत परीझिंगे असतात. हे उलटे पोहणारे, अर्धपारदर्शक प्राणी पाऊस पडल्यावर काही दिवसांत जन्मतात, पंधरवड्यात अंडी घालतात आणि संपतात. त्यांच्या पुट्या, म्हणजे कवचातली अंडी, कोरड्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. सगळ्या एकाच पावसात फुटत नाहीत, काही मागे राहतात, पुढच्या खऱ्या पावसासाठी. शेतकरी सगळं बियाणं पहिल्या सरीवर टाकत नाही तसंच. गाळाचा वरचा थर म्हणजे त्या तलावाची अशी साठवण. जेसीबीने ती उचलली तर तलावात मागे काय राहतं? आणि धानाच्या ज्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, तो गाळ पडला, तिथे धान रोवल्यावर तीन महिने पाणी असतंच, मग तिथे काय उगवून येतं?

हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. गाळ काढलेला एक तलाव, न काढलेला एक, शेजारशेजारचे, शक्यतो एकाच वयाचे. मे महिन्यात काठाचा, मधला, वरच्या दोन बोटांचा आणि हातभर खालचा कोरडा गाळ वेगवेगळा गोळा कर. प्रत्येकाचं वजन सारखं. प्लास्टिकच्या टबांत घाल, गाळून उकळून थंड केलेलं पाणी ओत, वरून मलमलीचं कापड बांध म्हणजे डास आत शिरणार नाहीत. एक टब नुसत्या पाण्याचा ठेव, कापडातून काय शिरतं ते कळण्यासाठी. मग रोज सकाळी पाहत बस. कुठल्या थरातून काय निघालं, किती निघालं, कधी निघालं. बांधीतल्या मातीचे टब वेगळे. यातून काहीच निघालं नाही तर तेही लिहिण्यासारखं आहे.

शिवाय तुझ्या 'महिन्यातून एकदा' या वेळापत्रकाचा घोळही यात सुटतो. जूनच्या पहिल्या पावसानंतरचा पंधरवडा हा डबक्यांमधला सगळ्यात गजबजलेला काळ. तू 5 जून आणि 5 जुलैला गेलीस तर परीझिंग्यांच्या पिढीला कदाचित पाहणारच नाहीस, आणि प्रबंधात 'आढळले नाहीत' असं लिहून मोकळी होशील. पावसाळ्यात रोज, निदान दोन दिवसांआड. जानेवारीत महिन्यातून एकदा गेलीस तरी चालेल.

दुसरा प्रश्न खाजेचा. रोवणीच्या वेळी बायका पायाला खाज सुटते म्हणतात. सगळीच खाज एका कारणाने नसते. पण इंडोप्लॅनॉर्बिस ही चपट्या शंखाची गोगलगाय गुरांच्या शिस्टोसोमा कृमींना आसरा देते, आणि त्या कृमींचे डिंभक, म्हणजे पिल्लं, चुकून माणसाच्या कातडीत घुसले तर तिथेच मरतात आणि खाज सुटते. लिम्निया कुळातल्या गोगलगायी जनावरांच्या यकृतातल्या पर्णकृमीच्या वाहक. बांधीतली गोगलगाय काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवून उन्हात ठेवली की डिंभक बाहेर पडतात का, ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. हातमोजे घाल. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना सोबत घेतलंस तर उत्तम. मला वाटतं गाळाचा विषय तुझा आणि हा दुसऱ्या कुणाचा, पण मनात ठेव.

सिनॉप्सिसमधला बीएमडब्ल्यूपी गुणांक, म्हणजे पाण्यातल्या किडे-प्राण्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची पद्धत, काढून टाक. तो ब्रिटनच्या नद्यांसाठी बनला, वाहत्या पाण्यासाठी. त्यात गाळातल्या रक्तअळ्यांना दोन गुण आणि स्वच्छ वाहत्या पाण्यातल्या बहुतेक पाषाणमाश्यांना दहा. आपल्या गाळमातीच्या, थांबलेल्या तलावात रक्तअळ्या असणारच. चिखलात ऑक्सिजन कमी म्हणून त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन आहे, त्याने त्या लाल. पाषाणमाशी तिथे कशाला येईल? गुण मोजलेस तर चांगला तलावही प्रदूषित निघेल, आणि तू तसं छापशील. वैनगंगेच्या एखाद्या खडकाळ उपनदीवर काम केलंस तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतासाठी बदलून घेतलेली पद्धत पाहू.

विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर वेळ लिही. कमळ, शिंगाडा, देवधान भरलेल्या तलावात पहाटेचा आणि दुपारी तीनचा आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नुसती सरासरी पाहून मला काही कळत नाही. आणि पाण्यातला ऑक्सिजन बांधून ठेवायला बाटलीत मँगनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड काठावरच घालायचं. बाटली तशीच एसटीने आणून संध्याकाळी प्रयोगशाळेत घातलंस तर तू एसटीतला ऑक्सिजन मोजशील.

मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या माणसांशी बोल, खास करून बायकांशी. वनस्पती आणि पाणी यांचं त्यांना जे माहीत असतं ते आपल्या किल्ल्यांत नाही. कुठल्या काठाला शिंपले जास्त, झिंगे कधी वर येतात, काठाला बेशरमची झुडपं वाढल्यापासून कुठला मासा कमी झाला. शिंपल्यांचं तर मुद्दाम विचार. त्यांची पिल्लं काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात. म्हणून तलावात कुठला मासा सोडला जातो आणि कुठला नाहीसा झाला, याच्याशी शिंपल्यांचा संबंध असणारच. बोलताना वही काढण्याआधी थोडा वेळ नुसतं बस. त्यांनी सांगितलेलं प्रबंधात घालशील तेव्हा त्यांचा ऋणनिर्देश शेवटच्या पानावर एका ओळीत उरकू नकोस, पद्धतीच्या प्रकरणात लिही. आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला पत्र देऊनच नमुने उचल, मच्छीमार सोसायटीलाही सांग. वनखात्याच्या हद्दीतला तलाव असेल तर परवानगीशिवाय जाळं टाकायचं नाही.

पेपरबद्दल फार बोलत नाही. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांचे ईमेल तुलाही येऊ लागले असतील. यूजीसीची केअर ही मान्य नियतकालिकांची यादी 2025 मध्ये बंद झाली, आता चांगलं-वाईट आपणच पारखायचं आहे. तू ज्यांचे पेपर वाचून शिकलीस ते जिथे छापतात, तिथे पाठव. उशीर होईल.

गाईडना हा बदल आवडला नाही तर भांडू नकोस. शीर्षक त्यांचंच ठेव, उद्दिष्टांत गाळाचा मुद्दा पहिला घाल, तलाव तीनवरून दोनवर आण. 'प्राणिप्लवक' हा शब्द शीर्षकात असला की समितीला बरं वाटतं, आणि तुझे टबातले प्राणीही त्यातच बसतात.

माझ्याकडे 60 मायक्रॉनचं एक जाळं आहे, जाळी शाबूत आहे, कडी बदलावी लागेल. दोन पांढरे ट्रेही आहेत. रविवार सोडून कधीही ये, रविवारी नातवंडं असतात. येताना तलावाच्या गाळाचं मूठभर ढेकूळ कागदात गुंडाळून आण. कुठल्या कोपऱ्यातलं ते त्याच कागदावर लिहून आण, पेन्सिलीने.

तुझी,
मॅडम