हाताने दागिने बनवायचे आणि त्यांचे फोटोही एडिट करायचे आहेत, नवख्याने सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की नागपुरात घरच्या घरी दागिने बनवायला शिकायचंय, त्यांचे फोटो नीट एडिट करून लोकांना दाखवायचेत, तर आधी काय विकत घ्यावं, ॲप कोणतं वापरावं आणि मैत्रीण म्हणते तसं थेट रेझिनपासून (साच्यात ओतल्यावर कडक होणारं प्लॅस्टिकसारखं द्रव) सुरू करावं का. मी नागपुरातच, महाल भागात राहते. सहा वर्षं झाली, तारेचे आणि मोत्यांचे दागिने करते, त्यातही नथी जास्त. जे स्वतः करून पाहिलंय तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे हे दोन्ही एकत्रच शिका. पहिलं कानातलं झालं की त्याच दिवशी त्याचा जवळून फोटो काढा आणि ॲप उघडायच्या आधी तो बोटांनी मोठा करून पाहा. नुसत्या डोळ्यांना न दिसलेलं सगळं तिथे दिसतं. अर्धवट मिटलेली कडी, पकडीचे ओरखडे, मोत्याच्या भोकाशी सांडलेला गोंद. हे पुसून टाकायची सोय ॲपमध्ये असते आणि हात लगेच तिकडे जातो. तेव्हा फोन खाली ठेवून पक्कड उचला. कापडावरची धूळ किंवा एखादा तंतू फोटोतून खुशाल काढा, पण दागिन्यातला दोष दागिन्यातच दुरुस्त करा. माझा हात सुधारला तो या सवयीने.

सामान थोडंच लागतं. गोल तोंडाची पक्कड (दुकानात राउंड नोज म्हणून मागा), चपट्या तोंडाची एक, छोटा कटर आणि बारीक कानस. मोठे किट घेऊ नका, त्यातल्या निम्म्या वस्तू डब्यातच राहतात. मणी, मोती, कड्या, हेडपिन (एका टोकाला डोकं असलेली टाचणीसारखी तार), गिअर लॉक (दाबून बसवायचा, मणी जागेवर धरणारा छोटा मणी) हे सगळं इतवारीच्या बाजारात होलसेलमध्ये स्वस्त पडतं. दोन-चारच नग हवे असतील तर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात घ्या.

तारेच्या बाबतीत मात्र सावध राहा, कारण नवीन माणूस इथेच फसतो. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकन गेज धरून बोलतात. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत ब्रिटिश गेज चालतो. अमेरिकन २० गेज म्हणजे साधारण ०.८ मिमी, ब्रिटिश २० गेज म्हणजे ०.९ मिमीच्या थोडी वर. आकडा तोच, तार वेगळी. मी सुरुवातीला नुसता नंबर सांगून तार आणली आणि ती एकाही मोत्यात शिरली नाही. परत गेले तर दुकानातल्या काकांनी शांतपणे विचारलं, "ताई, वीस म्हंजे कोणता वीस?" तेव्हापासून मी मिलिमीटरमध्येच मागते. कानाच्या हुकाला ०.८, मणी गुंफायला ०.५, नथीचे बारीक मोती ओवायला ०.४. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हेही लक्षात असू द्या.

सरावाला महागाची तार नको. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार वजनावर मिळते. तिच्यावर इनॅमलचा थर असतो, म्हणून ती सरावापुरतीच ठेवा, अंगावर घालायच्या दागिन्याला वापरू नका. तिच्यावर फक्त गोल फासे वळत बसा, पन्नास तरी. मण्याच्या वर साधारण एक सेंटिमीटर तार सोडायची, मण्याला लागूनच काटकोनात वाकवायची आणि मग गोल पकडीने उलट्या दिशेला वळवायची. पकडीच्या तोंडावर मार्करने एक रेघ मारून ठेवा आणि प्रत्येक फासा त्याच रेघेवर वळवा. जोडीतली दोन कानातली सारखी येतात ती या रेघेमुळे. एक पूर्ण करून मग दुसरं करायला घेऊ नका, दोन्हींची प्रत्येक पायरी सोबतच करा. कडी उघडताना तिची टोकं एक पुढे, एक मागे अशी सरकवा. बाजूला ताणली की गोलाई जाते आणि ती पुन्हा नीट बसत नाही. एकाच जागी तार चार-पाचदा वाकवली तर ती कडक होऊन तुटते, तेव्हा चुकलेला तुकडा सरळ करत न बसता नवीन घ्या.

हुकाचं टोक कानशीने गोल केल्याशिवाय कोणाच्याही कानात जाऊ देऊ नका. स्वस्त हुकांमध्ये निकेल असतं आणि पुष्कळांच्या कानाला त्याने खाज सुटते, पाणी येतं. ९२.५ टक्के चांदीचे हूक थोडे महाग पडतात, पण मी दुसरे वापरत नाही.

आता फोटो. तुमचे फोटो पिवळट आणि मळके येतात असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण बहुतेक वेळा ॲपच्या आधीच घडलेलं असतं. घरातला पिवळा बल्ब बंद करा आणि खिडकीशी बसा. दिवसाचा उजेड आणि बल्ब एकत्र आले की अर्धा दागिना निळा आणि अर्धा पिवळा दिसतो, मग कुठलंही ॲप ते सरळ करू शकत नाही. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. उन्हाळ्यात आपण गॅलरीला हिरवी नेट बांधतो. तिच्यातून येणारा उजेड हिरवा असतो, डोळ्यांना त्याची सवय होते पण कॅमेऱ्याला नाही. मोती शेवाळल्यासारखे दिसतात. नेट नसलेली खिडकी शोधा, उत्तरेची मिळाली तर उत्तम. थेट ऊन येत असेल तर काचेवर बटर पेपर लावा.

पितळ आणि मुलामा आरशासारखे असतात. तुमचा लाल कुर्ता त्यात लाल पट्टा होऊन दिसतो, म्हणून फोटो काढताना पांढरं किंवा काळं घाला. धातूची कड उठून दिसत नसेल तर काळ्या कार्डशीटची पट्टी दागिन्याच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर उभी करा. कडेला एक काळी रेघ येते आणि आकार एकदम स्पष्ट होतो. पांढऱ्या कागदावर फोन आपोआप फोटो काळवंडवतो, तेव्हा दागिन्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड थोडा वर सरकवा. पोर्ट्रेट मोड नको, तो बारीक तारा धूसर करून टाकतो. फोन फार जवळ नेला की आकार फुगतो, थोडं मागून काढून मग कातरा. आणि काढण्याआधी लेन्स पुसा.

ॲप म्हणाल तर स्नॅपसीड पुरेसं आहे. फुकट आहे आणि मूळ फोटोला हात लावत नाही. आधी सरळ करणं, मग व्हाइट बॅलन्स (फोटोवरची पिवळी-निळी झाक काढणं), मग कातरणं, मग उजेड, मग धूळ काढणं, आणि धार (शार्पनेस) शेवटी, तीही अगदी थोडी. यातला व्हाइट बॅलन्स मन लावून शिका. फ्रेमच्या कोपऱ्यात साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवायचा, एडिट करताना व्हाइट बॅलन्समधला ड्रॉपर (रंग टिपायचं चिन्ह) त्याच्यावर टेकवायचा आणि मग तो कोपरा कातरून टाकायचा. रंग गडद करायची पट्टी मात्र जवळजवळ विसरूनच जा.

रंगाबद्दल इतकं का सांगते, तर सुरुवातीच्या दिवसांत मी रेशमी धाग्याच्या बांगड्यांचा फोटो रात्री एडिट केला. फोनवर डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड चालू होता. फोटो पिवळा वाटला म्हणून मी तो निळ्याकडे ढकलत गेले. कुंकवासारखा लाल धागा फोटोत राणी कलरचा झाला. एका बाईंनी त्यांच्या राणी कलरच्या ब्लाउजवर घालायला त्या मागवल्या, लग्न चार दिवसांवर होतं. बांगड्या हातात घेऊन त्यांचा चेहरा उतरला तो मला अजून आठवतो. पैसे परत केले, पण त्यांच्या लग्नघरातला तो दिवस मला परत करता आला नाही. आता मी दिवसाच एडिट करते, तो मोड बंद करून, ब्राइटनेस मधोमध ठेवून, आणि दागिना फोनच्या शेजारी ठेवून. दोन्हीकडे आळीपाळीने पाहायचं, रंग जुळला की थांबायचं. एक फोटो हातात किंवा कानात घातलेला हवाच, माप कळतं. गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोचा दर्जा घसरतो.

तयार दागिने कूलरच्या खोलीत उघडे ठेवू नका. ओल्या हवेने पितळ आणि तांबं आठवड्यातच काळवंडू लागतं. झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. काळं पडलेलं पितळ चिंचेच्या पाण्याने उजळतं, पण मोती जडवलेला दागिना त्यात कधीही बुडवू नका. आंबटाने मोत्याची चमक जाते.

रेझिनचं सांगते. त्याला नाही म्हणत नाही, पण आत्ता नको. दोन भाग मिसळल्यावर रेझिन स्वतःच तापतं आणि आपल्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, ते साच्यात ओतायच्या आत कपातच घट्ट होऊ लागतं. पावसाळ्यात दमट हवेने वर धुरकट थर येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा हंगाम धरा. तेव्हाही हातमोजे घालून आणि खिडकी उघडी ठेवूनच करा, लहान मुलं खोलीत नसताना. तोवर तार आणि मोती घ्या. पहिली जोडी झाली की एडिट न केलेला फोटो इथेच खाली टाका, कडी कुठे उघडी राहिली ते मी पाहून सांगेन.